साबुदाणा उपवासाला कसा चालू लागला

आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री घरोघरी साबुदाणा भिजत पडतो. पाणी दाण्याच्या जेमतेम वर, सकाळी दाणा बोटांत चेपला की विनासायास मोडला पाहिजे. ही खिचडी इतकी आपली झाली आहे, की वारीइतकीच जुनी असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तुप-जिऱ्याखेरीज तिच्यातलं बहुतेक सगळं समुद्रापलीकडून आलेलं आहे. शेंगदाणा, मिरची आणि बटाटा ही मुळात अमेरिका खंडातली पिकं. युरोपीय जहाजं यायला लागल्यावर ती आपल्याकडे पोचली. 'बटाटा' हा शब्द तर थेट पोर्तुगीजांचा.

साबुदाण्याची गोष्ट आणखी गमतीची. मूळचा साबुदाणा मलाया-इंडोनेशियाकडचा. तिथे ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या खोडातला गर काढून त्याचं सत्त्व करतात. मलय भाषेत ते 'सागू'. आपण आज खातो तो मात्र टॅपिओकाच्या कंदाचा, आणि हा कंद दक्षिण अमेरिकेचा. आजच्या केरळातल्या त्रावणकोर संस्थानाचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी (कारकीर्द १८८० ते १८८५) त्याच्या लागवडीला जोर दिला. तांदूळ कमी पडेल तेव्हा लोकांचं पोट भरावं, हा हेतू. केरळात त्याला कप्पा म्हणतात, आणि मासळीच्या कालवणाबरोबर तो आजही आवडीने खाल्ला जातो.

पुढे दुसरं महायुद्ध आलं. १९४२ मध्ये जपानने मलाया-सिंगापूर घेतलं आणि तिकडून येणारा माल थांबला. त्याच काळात तमिळनाडूतल्या सेलमच्या परिसरात टॅपिओकापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. कंद सोलायचे, दळायचे, दुधाळ पाणी गाळून निवळू द्यायचं, तळाशी बसलेल्या ओलसर सत्त्वाचे दाणे पाडायचे, भाजायचे किंवा वाफवायचे, मग वाळवायचे. १९८१ मध्ये तिथल्या उत्पादकांची सहकारी संस्थाही झाली. महाराष्ट्रातल्या वाण्याकडे येणारा साबुदाणा प्रामुख्याने त्याच भागातला.

पण हा परका पदार्थ सोवळ्यात शिरला कसा? माझ्या मते उत्तर नियमातच आहे. उपवासाला धान्य वर्ज्य, कंदमुळं आणि फळं चालतात. साबुदाणा धान्य नाही, कंदाचं सत्त्व आहे, म्हणून तो वरी, शिंगाडा, रताळ्यांच्या पंगतीत सहज बसला. शिवाय दाण्याचं कूट घातलं की दाणे मोकळे राहतात, चव येते आणि पोटही भरतं. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आहेच.

नियम घरोघरी वेगळे. काहींकडे कोथिंबीर चालते, काहींकडे ती पानाच्या कडेलाही चालत नाही. आमच्याकडे हळद कधीच पडली नाही. इथल्या मातीतली, प्रत्येक शुभकार्यात लागणारी हळद बाजूला राहते, आणि परदेशातून आलेली हिरवी मिरची मात्र उपवासाच्या तुपात खुशाल तडतडते.