स्केल आणि गेज: कॅमेरा एक माफ करतो, दुसरं नाही

"माझा लेआउट एचओ गेजचा आहे, त्यावर ओओ स्केलचे डबे चालतील ना?" घरी मॉडेल रेल्वे मांडणाऱ्या मंडळींत हा प्रश्न कधी संपत नाही. (लेआउट म्हणजे रूळ, गाड्या, घरं यांची सगळी मांडणी; एचओ आणि ओओ ही मॉडेलच्या दोन मापांची नावं, ती पुढे उलगडतील.) उत्तर मिळतं, "हो, रूळ सारखेच असतात." उत्तर खरं आहे, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. चाकं रुळावर बसली म्हणजे सगळं जमलं, असं समजून माणूस डबे घेतो, घरं घेतो, पुठ्ठ्याचं स्टेशन बांधतो. मग समोरून एक फोटो काढतो आणि विचारतो, "काहीतरी चुकतंय, पण काय ते कळत नाही."

गेजबद्दल मराठी वाचकाला फार सांगायला नको. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर म्हणजे गेज. नेरळला मोठ्या गाडीतून उतरून माथेरानच्या छोट्या गाडीत बसलेल्या, बार्शी लाइटची नॅरोगेज जाऊन तिथे ब्रॉडगेज आलेली पाहिलेल्या माणसांना ते पायांनीच ठाऊक असतं. ब्रॉडगेज १६७६ मिमी, मीटरगेज १००० मिमी, बार्शी लाइट आणि शकुंतला ७६२ मिमी, माथेरान ६१० मिमी. पुढे जाऊ.

स्केल म्हणजे खरी वस्तू किती पट लहान केली ते. १:८७ म्हटलं की सगळ्याला ८७ ने भागायचं. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा, साधारण २१.३ मीटर लांबीचा डबा २४५ मिमी होतो आणि १.७ मीटर उंचीचा माणूस साडेएकोणीस मिमी. फलाट, सिग्नल, चहाची टपरी, मागचा पिंपळ, सगळ्यांना हाच भागाकार. दोन रुळांमधल्या अंतरालाही तोच लागू व्हायला हवा. तो तिथेच लागू होत नाही, कारण रूळ एका हिशेबाने विकले जातात आणि गाड्या दुसऱ्या.

खोक्यावरच्या 'एचओ' या दोन अक्षरांत दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात: १:८७ हे स्केल आणि १६.५ मिमी रुंदीचे रूळ. १६.५ ला ८७ ने गुणा, १४३५ मिमी येतात. हे युरोप-अमेरिकेतलं स्टँडर्ड गेज. म्हणजे ही जोडी जर्मन किंवा अमेरिकन गाडीसाठी चोख आहे. आपल्या ब्रॉडगेजचा त्यात कुठेही विचार नाही, आणि तो असावा अशी अपेक्षाही चूक आहे.

आता ओओ. ही ब्रिटिश भानगड. तिथली खरी इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान. त्या काळच्या मोटारी १:८७ च्या ब्रिटिश इंजिनात मावेनात. मग त्यांनी इंजिनाचं अंग थोडं फुगवलं, फुटाला ४ मिमी, म्हणजे १:७६, आणि रूळ मात्र १६.५ चेच ठेवले. त्यामुळे चार फूट साडेआठ इंचांच्या रुळावर धावणारी गाडी ओओमध्ये चार फूट दीड इंचाच्या रुळावर धावते. ज्यांना हे खुपलं त्यांनी १८.२ मिमीचं ईएम आणि १८.८३ मिमीचं पी-फोर काढलं आणि हाताने रूळ बसवले. बाकीच्यांनी डोळे मिटले. ते स्वतः 'ओओ गेज' म्हणतात, म्हणून आपणही 'एचओ गेज' म्हणायला लागलो.

एचओपेक्षा लहान असलेल्या 'एन' या मापातही हाच प्रकार. रूळ सगळीकडे ९ मिमी, पण युरोप-अमेरिकेत स्केल १:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८, जपानमध्ये १:१५० आणि तिथल्याच शिनकानसेनसाठी पुन्हा १:१६०. तेव्हा 'एनचं आहे' एवढंच सांगून विकणाऱ्याकडून घर किंवा माणसं घेऊ नका.

अजून शंका असेल तर माथेरानकडे पाहा. ब्रिटनमध्ये अंगणात रूळ टाकणारे लोक एक स्केल वापरतात: फुटाला १६ मिमी, म्हणजे साधारण १:१९. दोन फुटी नॅरोगेजचे रूळ त्या हिशेबाने बरोबर ३२ मिमी होतात. ओ स्केलचे, म्हणजे १:४३.५ चे, मोठ्या गाडीचे रूळही ३२ मिमीच. त्याच रुळांवर एकीकडे माथेरानचं इंजिन हातभर लांबीचं उभं राहील आणि दुसरीकडे मेल गाडीचा डबा. रूळ एक, जग दोन. त्यांची घरं आणि माणसं एकमेकांत मिसळली, तर मेल गाडीचा प्रवासी माथेरानच्या प्रवाशाच्या मांडीपर्यंतच येईल.

आपल्याकडच्या बहुतेकांचा प्रश्न मात्र ब्रॉडगेजचा असतो. १६७६ ला ८७ ने भागलं की १९.३ मिमी येतात. बाजारात मिळतात १६.५. म्हणजे एचओमधली भारतीय गाडी जवळजवळ १४ टक्के अरुंद रुळावर धावते. १:१६० च्या एनमध्ये तूट तेवढीच, कारण तिथलेही रूळ स्टँडर्ड गेजचेच आहेत. ओओमध्ये ब्रॉडगेजला २२ मिमी लागतात आणि मिळतात तेच १६.५, म्हणजे रुळांची चौथाई रुंदी गायब. ब्रिटिश एनमध्ये हवेत ११.३, मिळतात ९.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: भारतीय ब्रॉडगेज ओओमध्ये करू नका. तयार ब्रिटिश डबा स्वस्तात मिळाला, त्याला निळा रंग दिला, तर तो आयसीएफ होत नाही. त्याच्या पुढे अमेरिकन अल्को इंजिन रंगवून केलेलं डब्ल्यूडीएम-२, म्हणजे आपलं जुनं डिझेल इंजिन, जोडलंत, तर आणखी वाईट. इंजिन १:८७ चं, डबा १:७६ चा. कपलिंग जुळतं, चाकं जुळतात, आणि खिडक्यांच्या रांगेशेजारी चालकाचं दार ठेंगणं दिसतं. हे एकत्र करणाऱ्यांना 'रूळ सारखेच' हे वाक्य कोणी शिकवलं असेल, त्याने माझ्यासमोर येऊ नये.

एक पर्याय गणिताच्या दृष्टीने देखणा आहे. ब्रॉडगेज म्हणजे साडेपाच फूट. फुटाला ३ मिमी धरले, की साडेपाच त्रिक साडेसोळा. म्हणजे १:१०१.६ स्केलमध्ये बाजारातले साधे एचओ रूळ चोख ब्रॉडगेज ठरतात. आयसीएफचा डबा २१० मिमीचा होतो, फ्लॅटमधल्या वळणांवर तो जास्त सुखाने फिरतो. अडचण एवढीच, की त्या स्केलमध्ये भारतीय काहीच तयार मिळत नाही. सगळं स्वतः कापायचं किंवा थ्रीडी प्रिंट करायचं. एचओची फाइल हाताशी असेल तर ती ८५.७ टक्क्यांवर छापा. ज्यांना बांधण्यातच रस आहे, त्यांनी हे करून पाहावं. ज्यांना रविवारी मुलांबरोबर गाडी पळवायची आहे, त्यांनी १:८७ आणि १६.५ घ्यावं, चौदा टक्के तूट मान्य करावी आणि कामाला लागावं. एचओच्या रुळावर शंभर टक्के खरं असलेलं भारतीय काही हवंच असेल, तर पुणे मेट्रो किंवा मुंबईची वर्सोवा–घाटकोपर मेट्रो बांधा. दोन्ही स्टँडर्ड गेजवर धावतात.

आता कॅमेरा. लेआउट हाताने बांधला जातो आणि बहुतेक लोकांकडून तो फोटोतच पाहिला जातो. फोटोत स्केल टिकत नाही. १:८७ चा डबा आणि १:१६० चा डबा, दोन्ही योग्य अंतरावरून, योग्य उंचीवरून टिपले, शेजारी नाणं किंवा बोट नसलं, तर कोणता मोठा ते सांगता येत नाही. खऱ्या गाडीचा आभास निर्माण होतो तो याच कारणाने. पण रुळांची रुंदी आणि डब्याची रुंदी यांचं गुणोत्तर फोटो मोठा करा, लहान करा, कापा, बदलत नाही. खरा आयसीएफ डबा ३.२४५ मीटर रुंद आणि रूळ १.६७६. डबा रुळांच्या जवळजवळ दोन पट. एचओमध्ये डबा ३७ मिमी आणि रूळ १६.५, म्हणजे सव्वादोन पट. पैलवानाला लहान मुलाच्या तीनचाकीवर बसवावं तसं ते दिसतं. आपल्या डोळ्यांनी आयुष्यभर ब्रॉडगेज पाहिलेली असते. आकडे माहीत नसले तरी डोळ्यांना ते खटकतं.

आणि नेमका हाच फोटो सगळ्यांना हवा असतो: फलाटाच्या टोकावर उभं राहून समोरून येणारी गाडी. खऱ्या गाडीचा तो देखणा येतो, मॉडेलचा तो सर्वांत वाईट. दुसरा वाईट प्रकार म्हणजे वरून घेतलेला, हेलिकॉप्टरचा वाटणारा फोटो. वरून पाहिलं की दोन रुळांमधली जागा उघडी पडते, आणि टेबलाच्या कडा, वायरी, भिंतीवरचं कॅलेंडरही फ्रेममध्ये येतं.

उपाय सोपा आहे. बाजूने, तिरकं, आणि खूप खालून. १:८७ मध्ये फलाटावर उभ्या माणसाचे डोळे फलाटापासून १८ मिमीवर असतात. लेन्स तिथे न्या. खालून पाहिलं की जवळचा रूळ पलीकडच्या रुळाला झाकू लागतो आणि मधली तूट जवळजवळ मोजता येत नाही. फलाटाची कड पुढे आणली तर आणखी चांगलं. यासाठी फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स खालच्या बाजूला येते आणि फलाटाला टेकवता येते. महागड्या कॅमेऱ्याची जाडजूड लेन्स तिथे पोचतच नाही.

फोनचा आणखी एक फायदा लोक लक्षात घेत नाहीत. लहान सेन्सरमुळे त्याच्यात पुढचं आणि मागचं बरंच एकत्र तीक्ष्ण येतं. मोठ्या कॅमेऱ्याने जवळून टिपलं की इंजिनाचा दिवा स्पष्ट आणि दुसरा डबा धुकट. खरी गाडी दूरवरून टिपताना असं होत नाही, म्हणून ते लगेच खेळणं वाटतं. मोठाच कॅमेरा वापरायचा असेल, तर तो ट्रायपॉडवर ठेवा, फोकस थोडा थोडा मागे सरकवत अनेक फोटो काढा आणि सॉफ्टवेअरने जोडा. लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून सगळं तीक्ष्ण करण्याचा हट्ट करू नका, एका मर्यादेनंतर अख्खा फोटोच मऊ पडतो. आणि फोनचा 'पोर्ट्रेट' मोड बंद ठेवा. तो मुद्दाम पाठीमागचं पुसून टाकतो आणि तुम्ही दोन महिने रंगवलेला डोंगर धूसर होतो.

स्केल फोटोत टिकत नाही म्हणालो, पण एका गोष्टीने ते उघडं पडतं: खडी. मासे पाळायच्या टाकीतले दगड रुळांत टाकणारे लोक आहेत. ३ मिमीचा दाणा १:८७ मध्ये २६ सेंटिमीटरचा धोंडा होतो. रेल्वेची खरी खडी जास्तीत जास्त ६५ मिमीची असते, म्हणजे मॉडेलमध्ये पाऊण मिमीपेक्षा मोठा दाणा नको. बारीक चाळलेली वाळू चालते, घरात तशीही असते.

रुळांची उंची, म्हणजे कोड १००, ८३, ७५ (इंचाचे इतके हजारावे भाग), यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. कोड १०० चा रूळ २.५ मिमी उंच, ८७ पटींनी २२ सेंटिमीटर. आपला मीटरला ६० किलो वजनाचा खरा रूळ १७ सेंटिमीटर. फोटो काढायचे असतील तर ८३ किंवा ७५ घ्या, नाहीतर जे मिळेल ते. डीसी की डीसीसी, म्हणजे गाडी साध्या विजेने चालवायची की डिजिटल आदेशांनी, हा विजेचा प्रश्न आहे, कॅमेऱ्याला तो दिसत नाही.

शेवटची गोष्ट जरा गमतीची. एकाच लेआउटवर दोन स्केल मिसळू नयेत, हा नियम फक्त एका ठिकाणी मोडावा: अगदी मागे, भिंतीपाशी. तिथे १:१६० ची घरं ठेवली तर ती दूर दिसतात आणि दीड फुटाच्या फळीवर गाव मैलभर पसरल्यासारखं वाटतं. उलटं मात्र करू नका. ओओची मोठी घरं मागे आणि एचओची गाडी पुढे ठेवली, की मागचं गाव पुढे येतं आणि गाडी आणखी आकसते. ती घरं विकून टाका, ब्रिटिश गाड्या करणारा कोणीतरी ती आनंदाने घेईल.