केळीचा मुनवा आणि मूत्रपिंड

रावेर-यावलकडे केळीचा घड उतरला की खोड कापतात. कंदातून फुटलेला एक मुनवा आधीच राखलेला असतो, त्यावर खोडवा, म्हणजे पुढचं पीक, घेतात. जादा मुनवे वेळेवर छाटावे लागतात. पोटातल्या बाळाचं मूत्रपिंड घडतं तेही थोडंफार असंच.

गर्भाच्या चौथ्या आठवड्यात पाठीलगत दोन्ही बाजूंना एकेक बारीक नळी तयार होते, वोल्फियन नलिका. पाचव्या आठवड्यात तिच्या खालच्या टोकाजवळ कोंब फुटतो. सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात. कोणतं कुठे आणि कधी जागं होतं, यावर सगळा खेळ. शेजारच्या पेशींत जीडीएनएफ हे जनुक जागं होतं, त्याचं प्रथिन नळीवरच्या आरईटी या ग्राहकाला (पेशीवरच्या संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं आणि कोंब त्या पेशींत शिरून फांद्या फोडू लागतो. त्याचीच पुढे मूत्रवाहिनी होते. त्याच्या टोकांभोवतीच्या पेशींतून नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, घडतात, एका मूत्रपिंडात सरासरी 10 लाख. साधारण 36व्या आठवड्यानंतर नवा नेफ्रॉन तयार होत नाही; जन्मभर तेवढ्यावरच भागवायचं.

जीडीएनएफ नसलेल्या उंदरांत मूत्रपिंडच तयार होत नाही, हे 1996 मध्ये दिसलं. उलट स्प्राउटी-1 हे जनुक काढलं की एकाऐवजी अनेक कोंब फुटतात. छाटणी करणारं जनुक म्हणजे हेच!

मग मूळ नळीचं काय होतं? मुलीत ती बहुतांशी विरून जाते, मूत्रपिंड मात्र राहतं. मुलात वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक, जे 1990 मध्ये सापडलं, वृषण घडवायला लावतं. आठव्या आठवड्याच्या सुमाराला वृषणातून टेस्टोस्टेरॉन झरू लागतं आणि नळी वाचते. तिचीच अधिवृषण (वृषणाला लागून असलेली नळी), शुक्रवाहिनी आणि शुक्राशय होतात. ही वेळेची शिस्त मला दरवेळी थक्क करते.

म्हणूनच मूल होत नाही म्हणून धुळ्या-जळगावला तपासणीला आलेल्या पुरुषात एका बाजूची शुक्रवाहिनी हाताला लागली नाही, तर डॉक्टर मूत्रपिंडाची सोनोग्राफी सांगतात. नळीच नीट झाली नसेल, तर कोंब कुठून फुटणार? अशा अनेकांना त्या बाजूचं मूत्रपिंड नसतं, आणि एकावर आयुष्य व्यवस्थित चाललेलं असतं.

दोन्ही शुक्रवाहिन्या नसतील तर मात्र बहुतेकदा सीएफटीआर या जनुकातला दोष निघतो. त्यात नळी आधी नीट तयार होते, कोंबही फुटतो, ती खराब होते नंतर. त्यामुळे मूत्रपिंडं सहसा शाबूत असतात. अशा वेळी पत्नीचीही जनुकीय तपासणी करून घ्यावी. तिच्यातही त्याच जनुकात दोष असेल तर बाळाला सिस्टिक फायब्रोसिस, हा फुप्फुसं आणि पचन बिघडवणारा आनुवंशिक आजार, होऊ शकतो.