थेरापोन

थेरापोन : (अनेकवचन – थेरापोन्तेस). प्राचीन ग्रीक महाकाव्यांत वीराच्या सन्निध राहून त्याची सेवा करणाऱ्या, त्याचा रथ हाकणाऱ्या आणि प्रसंगी त्याच्या जागी लढणाऱ्या पुरुषाला दिलेली संज्ञा. होमरच्या काव्यांतला थेरापोन गुलाम नसतो. बहुधा तो कुलीन घराण्यातलाच असतो. मराठीत या संज्ञेला नेमका प्रतिशब्द नाही. ‘सेवक’ म्हटले तर दर्जा उतरतो, ‘मित्र’ म्हटले तर कर्तव्य निसटते. ‘पाईक’ त्यातल्या त्यात जवळचा, पण पाईक धन्याच्या पंगतीला बसत नाही.

शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. ‘थेरापेउओ’ (सेवा-शुश्रूषा करणे) आणि ‘थेरापेइया’ ही ग्रीक रूपे त्याच अंगाची. आज सर्रास वापरात असलेला ‘थेरपी’ हा शब्द त्यांतूनच आला. ग्रीकबाहेरच्या भारत-युरोपीय भाषांत मात्र त्याचे सर्वमान्य सगोत्र मिळत नाहीत. म्हणून ग्रीकपूर्व एजियन भाषेतून तो आला असावा, असे काहींचे मत आहे. १९५९ मध्ये भाषाअभ्यासक नादिया व्हान ब्रॉक यांनी वेगळी वाट दाखवली. आजच्या तुर्कस्तानात नांदलेल्या प्राचीन हिटाइट साम्राज्याच्या भाषेतील ‘तार्पाल्ली’, ‘तार्पाश्शा’ आणि ‘तार्पानाल्ली’ या शब्दांशी त्यांनी थेरापोनचे नाते जोडले. त्यांपैकी ‘तार्पाल्ली’चा अर्थ ‘बदली’, म्हणजे दुसऱ्यावरचे अरिष्ट स्वतःवर घेणारा. हिटाइट राजाच्या मृत्यूचे शकुन दिसले की एखाद्या युद्धकैद्याला राजतेलाचा अभ्यंग करीत, राजवस्त्रे नेसवीत, राजा म्हणून त्याचे नाव घेत आणि मग त्याला त्याच्या मुलखात परत धाडीत. राजाचे संकट त्याच्यासोबत जावे, ही त्यामागची समजूत. हिटाइटांची राजधानी हात्तुशा येथील मृत्तिकापट्टांतून असे विधी कळतात.

होमरचे अभ्यासक ग्रेगरी नॉज यांनी १९७९ मध्ये हाच धागा पट्रोक्लसच्या, म्हणजे इलियड या होमरच्या महाकाव्याचा नायक अकिलीस याच्या थेरापोनच्या, मृत्यूपर्यंत नेला. आक्षेपही आहेत. ‘तार्पानाल्ली’ हा शब्द उल्लिकुम्मीच्या हिटाइट पुराणकथेत वादळदेवाच्या प्रतिस्पर्ध्यासाठी येतो. प्रतिस्पर्धी आणि बदली यांत अंतर आहे (दोघेही दुसऱ्याच्या जागेवर येतात हे खरे). शिवाय हिटाइट साम्राज्य इ. स. पू. १२०० च्या सुमारास कोसळले, तर इलियडची रचना साधारणतः इ. स. पू. ८ व्या शतकातली मानतात. काही अभ्यासक ती ७ व्या शतकापर्यंत खाली आणतात. मधल्या काळात हा शब्द कोणत्या वाटेने गेला, याचा पुरावा नाही. तरी उसनवारीचा मुद्दा बाजूला ठेवून केवळ काव्य वाचले, तरी ‘बदली’ची छटा टाळता येत नाही.

ती सर्वांत स्पष्ट दिसते पट्रोक्लसमध्ये. फाशांच्या खेळात चिडून त्याने लहानपणी एका मुलाला मारले. बाप मेनोयटियस त्याला ओपस गावाहून पेलेउसकडे घेऊन आला. पेलेउसने त्याला वाढवले आणि आपला मुलगा अकिलीस याचा थेरापोन नेमले. तो अकिलीसहून वयाने मोठा. कुळाने अकिलीस वरचढ असला तरी त्याला चार शब्द सांगणे तुझे काम, असे बापाने निघताना बजावले होते. रक्तपात करून परागंदा झालेल्याने परक्या घरी थेरापोन होणे हा एकट्याचा अपवाद नव्हे : ग्रीक वीर एजॅक्सचा थेरापोन लायकोफ्रॉन हाही मनुष्यवध करून किथेरा बेटावरून आलेला होता.

या नात्यातली रोजची कामे कवीने बारकाईने टिपली आहेत. इलियडच्या नवव्या सर्गात अकिलीसकडे दूत येतात तेव्हा पट्रोक्लस चुलीच्या उजेडात मोठा ठोकळा मांडून त्यावर मेंढीचे, बोकडाचे आणि डुकराचे मांस ठेवतो. अकिलीसचा सोबती ऑटोमेडॉन ते धरतो, आणि कापतो स्वतः अकिलीस. विस्तव फुलवणे आणि मीठ लावून मांस भाजणे पट्रोक्लसकडे. भाकरी पट्रोक्लस वाढतो, मांस अकिलीस. कामांची ही वाटणी पाहता धनी-चाकर हे शब्द तोकडे पडतात. अकराव्या सर्गात जखमी युरिपिलसच्या मांडीतला बाण पट्रोक्लस सुरीने काढतो, कोमट पाण्याने जखम धुतो आणि कडू मुळी हाताने चुरून लावतो. ‘थेरपी’चा वैद्यकीय अर्थ पुढे आला तो अशाच कामांतून.

सोळाव्या सर्गात पट्रोक्लस अकिलीसच्या जागी लढायला त्याचे चिलखत घालतो. सर्व शस्त्रे घेतो, फक्त पेलियन पर्वतावरच्या अ‍ॅश वृक्षाचा भाला घेत नाही; तो अकिलीसशिवाय कोणाला पेलत नसे. वेष पुरता उतरला, बळ उतरले नाही. अपोलो देव त्याचे चिलखत उतरवतो, ट्रॉयच्या बाजूचा युफॉर्बस घाव घालतो, ट्रॉयचा वीर हेक्टर ठार करतो. या सर्गात कवी पट्रोक्लसला वारंवार ‘तू’ म्हणून हाक मारतो. होमरच्या दुसऱ्या महाकाव्यात, ओडिसीत, अशीच हाक डुकरे राखणाऱ्या युमेयसला आहे. तो मात्र विकत घेतलेला दास, फिनिशियनांनी पळवून आणलेला राजपुत्र, थेरापोन नव्हे.

अकिलीस आणि पट्रोक्लस परस्परांचे प्रियकर होते का, हा वाद होमरनंतरचा. नाटककार एस्किलसने त्यांना तसे रंगवले. प्लेटोच्या संवादात फीड्रस हे पात्र एस्किलसशी अकिलीस वयाने लहान होता, एवढ्यापुरतेच भांडते.

इतर जोड्यांत क्रीटचा राजा इडोमेनियस याचा थेरापोन मेरिओनीस प्रमुख. पट्रोक्लसनंतर अकिलीस ऑटोमेडॉन आणि अल्किमस यांना सर्वाधिक मान देतो. सगळ्या ग्रीक सैन्याला ‘अरीसचे (युद्धदेवाचे) थेरापोन्तेस’ म्हणण्याचीही रूढी काव्यात आहे.

अभिजात काळात शब्दाची किंमत साध्या नोकरापर्यंत घसरली. इ. स. पू. ४२५ मध्ये स्फाक्टेरिया बेटावर अडकलेल्या स्पार्टनांचा शिधा इतिहासकार थुसिडिडीसने नोंदवला आहे : माणशी दोन खॉयनिक्स (धान्याचे माप) जवाचे पीठ, दोन कोटिले (द्रवाचे माप) मद्य आणि मांस, थेरापोनला याच्या निम्मे. बायबलच्या ग्रीक भाषांतरात मात्र मोझेसला देवाचा थेरापोन म्हटले आहे.