इस्लामवादाचे अभ्यासक : व्यावसायिक पार्श्वभूमी

इस्लामच्या आधारे राज्य, कायदा आणि समाजव्यवस्था उभारू पाहणाऱ्या चळवळींचा परराष्ट्रधोरणाच्या अंगाने अभ्यास करणाऱ्यांचा एक वेगळा वर्ग गेल्या पाच दशकांत तयार झाला. इजिप्तमधील मुस्लीम ब्रदरहूड, उपखंडातील जमाते इस्लामी, तालिबान, ‘इस्लामिक स्टेट’ असे परस्परांशी फारसे न पटणारे विषय या एकाच क्षेत्रात येतात, आणि अभ्यासकही तितकेच भिन्न. अरबी-फार्सीचे प्राध्यापक, निवृत्त राजदूत, गुप्तचर खात्यातून बाहेर पडलेले अधिकारी, वार्ताहर, मानवी हक्क कार्यकर्ते, मानसोपचारतज्ज्ञ आणि खुद्द त्या चळवळी सोडून आलेले लोक एकाच परिसंवादात मांडीला मांडी लावून बसलेले दिसतात. माणूस आधी कोणत्या कामात होता यावर त्याच्या हाती कोणते कागद पडतात, त्याच्याशी कोण मोकळेपणाने बोलते आणि मुळात तो प्रश्न कोणता विचारतो, हे पुष्कळसे ठरते. म्हणून या विषयावरचे पुस्तक उघडताना मलपृष्ठावरचा लेखक-परिचय आधी वाचलेला बरा.

प्राच्यविद्येकडून कैद्यांच्या मुलाखतींकडे

१९७०च्या दशकाअखेरपर्यंत हा विषय प्रामुख्याने भाषा आणि इतिहास जाणणाऱ्या विद्वानांचा होता. ब्रिटनचे बर्नार्ड लुईस (मृत्यू २०१८) हे मध्ययुगीन इस्लामी इतिहासाचे अभ्यासक. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश गुप्तवार्ता विभागात काम केले, पुढे लंडनमध्ये अध्यापन केले आणि १९७४मध्ये ते प्रिन्स्टनला गेले. मिशिगन विद्यापीठाचे इतिहासकार रिचर्ड मिचेल यांनी मुस्लीम ब्रदरहूडवरचा ग्रंथ १९६९मध्ये प्रसिद्ध केला. त्या वेळी इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांच्या राजवटीने संघटनेचा कणा मोडला होता आणि तिच्यात धोरणकर्त्यांना फारसे स्वारस्य उरले नव्हते. चित्र पालटले ते १९७९मध्ये. इराणमधील क्रांती, मक्केच्या मोठ्या मशिदीवर सशस्त्र गटाने मिळवलेला ताबा आणि अफगाणिस्तानात घुसलेले सोव्हिएत सैन्य, हे सगळे एकाच वर्षात घडले. दोन वर्षांनी इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात यांची हत्या झाली. परराष्ट्र मंत्रालयांना आता जुन्या हस्तलिखितांच्या जाणकारापेक्षा आजचा कार्यकर्ता ओळखणारा माणूस हवा होता.

असा माणूस कैरोत आधीच कामाला लागला होता. समाजशास्त्रज्ञ साद एद्दीन इब्राहिम यांनी अमेरिकेत डॉक्टरेट घेतली होती आणि ते कैरोतील अमेरिकन विद्यापीठात शिकवत. १९७४मध्ये लष्करी तंत्र अकादमीवर हल्ला करणारा गट आणि १९७७मध्ये एका माजी मंत्र्याचे अपहरण करून हत्या करणारा ‘तकफीर वल-हिजरा’ नावाने ओळखला जाणारा गट, या दोहोंतील कैद्यांच्या दीर्घ मुलाखती त्यांनी सहकाऱ्यांसह तुरुंगात घेतल्या. एकूण ३४ जण. १९८०मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अनेकांच्या पचनी पडले नाहीत. हे तरुण ना भणंग होते, ना विक्षिप्त. बहुतेक जण खेड्यातून किंवा लहान शहरातून आलेले, कनिष्ठ-मध्यमवर्गीय, सुरळीत कुटुंबांत वाढलेले, अभ्यासात हुशार, आणि त्यांतले कितीतरी विज्ञान, वैद्यक किंवा अभियांत्रिकी शिकणारे वा शिकलेले होते. समाजशास्त्रज्ञाने प्रश्नावली घेऊन जाऊन वडिलांचा व्यवसाय आणि परीक्षेचे गुण विचारले, म्हणून हे चित्र पुढे आले. धर्मग्रंथांचा पंडित गेला असता तर त्याने फतव्यांविषयी विचारले असते. पोलिसाने शस्त्र कुठून आणले ते विचारले असते, आणि तेही चूक ठरले नसते.

इब्राहिम यांनी १९८८मध्ये कैरोत इब्न खल्दून केंद्र स्थापन केले. २००० साली मुबारक राजवटीने त्यांनाच अटक केली. सात वर्षांची शिक्षा झाली, मात्र २००३मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. इस्लामवाद्यांना निवडणुकीच्या राजकारणात सामावून घ्यावे, या मताचा पुरस्कार ते सुटकेनंतर जाहीरपणे करत राहिले. २०२३मध्ये त्यांचे निधन झाले.

फ्रान्स : दोन वाटा, एक भांडण

फ्रान्समध्ये हे क्षेत्र विद्यापीठांइतकेच परराष्ट्र मंत्रालयाच्या पैशावर चालणाऱ्या परदेशस्थ संशोधन केंद्रांत वाढले. कैरो, दमास्कस, बैरुत, सना येथील ही केंद्रे म्हणजे तरुण संशोधकाला शिष्यवृत्ती, राहायला जागा आणि भाषा शिकायला चार वर्षे. झील केपेल (जन्म १९५५) १९८०च्या सुमारास कैरोच्या केंद्रात पोचले. पत्रके, ब्रदरहूडचे मासिक आणि लोकप्रिय धर्मोपदेशक शेख किश्क यांच्या कॅसेटवर विकल्या जाणाऱ्या प्रवचनांपासून त्यांनी सादातकालीन इस्लामवादाचे चित्र उभे केले. ते १९८४मध्ये पुस्तकरूपाने आले. फ्रान्स्वा बुर्गा यांनी कैरोनंतर सना आणि पुढे दमास्कस-बैरुत येथील केंद्रांची धुरा सांभाळली. इस्लामवाद हा वसाहतवादानंतर स्वतःची भाषा परत मिळवण्याचा राजकीय प्रयत्न आहे, असे ते मांडतात.

ओलिव्हिए रुआ (जन्म १९४९) यांची वाट निराळी. शिक्षण तत्त्वज्ञानाचे, नोकरी शाळेत तत्त्वज्ञान शिकवण्याची. १९६९मध्ये मिळेल त्या वाहनाने ते अफगाणिस्तानला गेले. सोव्हिएत आक्रमणानंतर मुजाहिदीनांसोबत डोंगरवाटांनी त्यांनी अनेक फेऱ्या केल्या, फार्सी आत्मसात केली आणि फ्रेंच परराष्ट्र मंत्रालयाला सल्ला दिला. १९९३-९४मध्ये युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटनेच्या ताजिकिस्तानातील मोहिमेचे ते प्रमुख होते. राजकीय इस्लामकडे राज्य चालवण्याचा स्वतःचा आराखडाच नाही, म्हणून तो अपयशी ठरला, हा त्यांचा १९९२मधील निष्कर्ष अजूनही वादाचे निमित्त होतो.

२०१५मधील पॅरिस हल्ल्यांनंतर केपेल आणि रुआ यांच्यात उघड जुंपली. रुआ यांच्या मते तरुणांतील बंडखोरीला इस्लामी रंग चढला आहे. केपेल म्हणतात, सलफी, म्हणजे आरंभीच्या इस्लामकडे परतू पाहणाऱ्या, विचारांचे जाळे आधी विणले गेले आणि हिंसा त्यातून आली. अरबी न जाणता या विषयावर कसे बोलता, हा केपेल यांचा टोमणा. उपनगरातला फ्रेंच तरुण तरी कुठे अरबी ग्रंथ वाचून बंदूक उचलतो, असे रुआ यांच्या मांडणीतून त्याला उत्तर मिळते. वरवर हा दोन बड्या प्राध्यापकांचा अहंकार वाटतो आणि थोडा तो आहेही. पण एकाची घडण कैरोतील मजकुरात झाली आणि दुसऱ्याची अफगाण टोळ्यांसोबतच्या पायपिटीत, हे ध्यानात घेतले की दोघांची मते आपोआप उलगडतात.

अमेरिका : खाते, विद्यापीठ, विचारगट

अमेरिकेत माणसे सरकार, विद्यापीठ आणि विचारगट (धोरणांवर संशोधन करणाऱ्या संस्था) यांच्यात सतत ये-जा करतात. ग्रॅहम फुलर सीआयएचे काबूलमधील प्रमुख होते, नंतर रँड या विचारगटात गेले आणि राजकीय इस्लामशी संवाद हवा असे लिहू लागले. ब्रूस रिडेल सीआयएतील दीर्घ सेवेनंतर ब्रुकिंग्ज या विचारगटात आले, आणि २००९मध्ये ओबामांनी अफगाण-पाकिस्तान धोरणाच्या फेरआढाव्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. उलट दिशेचा प्रवास क्विंटन विक्टोरोविच यांचा. जॉर्डनमधील इस्लामी संघटनांवर क्षेत्रीय संशोधन करणारे हे प्राध्यापक पुढे व्हाइट हाउसच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत दाखल झाले.

मार्क सेजमन यांचे उदाहरण जरा बारकाईने पाहण्याजोगे आहे. १९८७ ते १९८९ या काळात ते इस्लामाबादेत सीआयएचे अधिकारी म्हणून अफगाण मुजाहिदीनांशी संपर्क ठेवत. खाते सोडून ते मानसोपचाराकडे वळले. ११ सप्टेंबरनंतर त्यांनी न्यायालयीन नोंदी आणि वर्तमानपत्रांतून १७२ जिहादींच्या जीवनकथा गोळा केल्या आणि २००४मध्ये ग्रंथ लिहिला. मनोरुग्ण शोधायला मानसोपचारतज्ज्ञ गेला आणि त्याला मनोरुग्ण सापडलेच नाहीत, सापडले ते दोस्त, मेहुणे आणि एकाच खोलीत राहणारे परदेशस्थ विद्यार्थी. २००८मध्ये दहशतवादाचे अभ्यासक ब्रूस हॉफमन यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. हॉफमन रँडमध्ये घडलेले, त्यामुळे त्यांची नजर अल-कायदाच्या नेतृत्वावर आणि आदेशांच्या साखळीवर.

वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतील दहशतवादविरोधी केंद्राला तर कागदांचा वेगळाच लाभ झाला. पाकिस्तानात अबोटाबाद येथील बिन लादेनच्या घरातून जप्त केलेल्या कागदांपैकी १७ दस्तऐवज मे २०१२मध्ये या केंद्रामार्फत खुले झाले. तेथील संशोधिका नेली लाहूद यांनी पुढे याच साठ्यावर मोठे काम केले. अशा कागदांपर्यंत पहिली पोच बाहेरच्या प्राध्यापकाला मिळत नाही.

इंडोनेशिया : खटल्यांच्या फायली

सिडनी जोन्स या अमेरिकन अभ्यासिका फोर्ड फाउंडेशन, ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि ह्यूमन राइट्स वॉच अशा संस्थांत काम करून २००२मध्ये संघर्षांचा अभ्यास करणाऱ्या इंटरनॅशनल क्रायसिस ग्रुप या संस्थेच्या जकार्ता कार्यालयात आल्या. ऑगस्ट २००२मध्ये त्यांच्या गटाने जावातील न्ग्रुकी येथील धार्मिक निवासी शाळेभोवतीच्या जाळ्यावर अहवाल काढला. त्याचा मोठा आधार होता हुकूमशहा सुहार्तो यांच्या काळातील खटल्यांची कागदपत्रे. त्या खटल्यांकडे मानवी हक्कवाले पूर्वी सरकारी दडपशाहीचा पुरावा म्हणून पाहत. त्याच फायलींतून आता कोण कोणाचा शिष्य, कोणाची बहीण कोणाच्या घरी दिली, कोण मलेशियाला पळाला, याचा नकाशा तयार झाला. दोनच महिन्यांनी, १२ ऑक्टोबर रोजी, बालीत स्फोट झाले आणि २०२ जण ठार झाले. जोन्स यांचे अहवाल एकाएकी सर्व दूतावासांच्या टेबलांवर आले. २००४मध्ये इंडोनेशियाने त्यांना देशाबाहेर काढले आणि पुढच्या वर्षी परत येऊ दिले. २०१३मध्ये त्यांनी जकार्तात स्वतंत्र संस्था स्थापन केली.

आतून आलेले, आणि पैसा देणारे

पाकिस्तानचे हुसेन हक्कानी विद्यार्थिदशेत जमाते इस्लामीच्या विद्यार्थी संघटनेत होते. मग पत्रकारिता, पंतप्रधानांचे सल्लागारपद आणि २००८ ते २०११ वॉशिंग्टनमध्ये राजदूतपद. मशीद आणि लष्कर यांच्या साटेलोट्यावरचे त्यांचे २००५मधील पुस्तक या दोन्ही जगांच्या ओळखीतून आले आहे. अहमद रशीद केंब्रिजहून परतून बलुचिस्तानच्या डोंगरांत डाव्या गनिमांसोबत राहिले आणि नंतर वार्ताहर झाले. तालिबानवरचे त्यांचे पुस्तक २०००मध्ये निघाले, पण खपले ते ११ सप्टेंबरनंतर. ब्रिटनमध्ये हिज्ब उत-तहरीर ही इस्लामवादी संघटना सोडलेल्यांनी २००८मध्ये क्विलियम ही अतिरेकविरोधी संस्था काढली. ती २०२१मध्ये बंद झाली. संघटना सोडून आलेल्याला अंतर्गत भाषा आणि शिस्त ठाऊक असते, मात्र आपल्या अनुभवाला सर्वांचा अनुभव मानण्याचा मोह त्याला सुटत नाही.

नियुक्तीवरूनच वाद झाल्याचे ठळक उदाहरण ब्रिटनचे. एप्रिल २०१४मध्ये पंतप्रधान कॅमेरॉन यांनी मुस्लीम ब्रदरहूडच्या आढाव्याचे काम सर जॉन जेंकिन्स यांच्याकडे दिले. ते अरबी जाणणारे, अनुभवी मुत्सद्दी होते, पण त्या वेळी सौदी अरेबियात राजदूत होते, आणि सौदीने त्याच्या महिनाभर आधीच ब्रदरहूडला दहशतवादी ठरवले होते. मुख्य निष्कर्ष डिसेंबर २०१५मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने या नेमणुकीवर बोट ठेवले. दुसऱ्या बाजूला, कतारने ब्रुकिंग्जला चार वर्षांसाठी १ कोटी ४८ लाख डॉलर देऊ केल्याची बातमी २०१४मध्ये आली आणि आखाती पैसा घेणाऱ्या सर्वच विचारगटांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. पैसा आला म्हणजे निष्कर्ष विकला गेला असे नव्हे. कोणता प्रश्न विचारायचा नाही, एवढे मात्र न सांगताही समजते.

प्रत्यक्ष तिथे राहून काम करणाऱ्या अभ्यासकाला तर जीवच पणाला लावावा लागतो. ब्रदरहूडवर लिहिणारे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मिशेल सरा यांचे १९८५मध्ये बैरुतमध्ये अपहरण झाले आणि ते कैदेतच मरण पावले. ‘इस्लामिक स्टेट’चे जाणकार आणि इराक सरकारचे सल्लागार हिशाम अल-हाशिमी यांची ६ जुलै २०२० रोजी बगदादमध्ये घराबाहेर गोळ्या घालून हत्या झाली.

भारत

भारतात निवृत्त मुत्सद्दी आणि सुरक्षा अधिकाऱ्यांचे पारडे जड आहे. ‘रॉ’च्या दहशतवादविरोधी विभागाचे प्रमुख राहिलेले बी. रामन निवृत्तीनंतर चेन्नईतून सातत्याने लिहीत राहिले. सौदी अरेबिया, ओमान आणि संयुक्त अरब अमिरातीत राजदूत राहिलेले तल्मीझ अहमद पुण्याच्या सिंबायोसिस विद्यापीठात राम साठे अध्यासनावर आले. हे अध्यासन माजी परराष्ट्र सचिव राम साठे यांच्या नावाचे. अरब उठावांनंतरच्या इस्लामवादी स्पर्धेवरचे तल्मीझ अहमद यांचे पुस्तक २०१३चे. त्यात सलफी, ब्रदरहूड आणि राजेशाह्या यांच्यातील चढाओढ दूतावासाच्या खिडकीतून पाहिल्यासारखी येते. सत्तेचे गणित स्पष्ट, कार्यकर्ता धूसर.

कार्यकर्त्याला जवळून पाहिले ते मानववंशशास्त्रज्ञ इरफान अहमद यांनी. अलीगढ आणि रामपूर येथे राहून त्यांनी जमाते इस्लामी हिंद आणि सिमी या मुस्लीम विद्यार्थी संघटनेचा अभ्यास केला. जमात भारतात लोकशाहीकडे कशी सरकली आणि सिमी उलट दिशेला का गेली, हे २००९मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाचे सूत्र आहे. मुंबईत असगर अली इंजिनिअर मुंबई महापालिकेत अभियंता होते. ती नोकरी सोडून त्यांनी १९८०मध्ये इस्लामी अभ्यास संस्था काढली. मात्र त्यांचा रोख परराष्ट्रधोरणापेक्षा सुधारणा आणि दंगलींवर राहिला. जमातीचे संस्थापक मौदुदी यांचा जन्म १९०३मध्ये औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. त्यांच्या संघटनेवरचा महत्त्वाचा इंग्रजी ग्रंथ १९९४मध्ये लिहिला तो तेहरानमध्ये जन्मलेल्या, अमेरिकेत शिकलेल्या आणि पुढे अमेरिकी मुत्सद्दी रिचर्ड होलब्रुक यांचे सल्लागार झालेल्या वली नस्र यांनी.