‘वॉयत्सेक’ की ‘वॉत्सेक’?

नाटक शोधायला जावं आणि ऑपेराचं रेकॉर्डिंग हाती यावं, असं या जोडीच्या बाबतीत सहज होतं. ‘वॉयत्सेक’ हे जर्मन नाटककार गेऑर्ग ब्यूखनरचं नाटक, ‘वॉत्सेक’ हा त्यावर संगीतकार आल्बान बेर्गने रचलेला ऑपेरा. नावातला फरक चक्क वाचनातल्या चुकीचा आहे. ब्यूखनर १८३७ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी गेला; मागे राहिली सुट्या प्रवेशांची खरडलेली पानं. शाई इतकी उडालेली, की संपादक कार्ल एमिल फ्रान्झोसने ती रसायनं लावून वाचली आणि त्यात ‘वाय’चा ‘झेड’ झाला.

ज्याच्यावरून नाटक सुचलं तो खरा वॉयत्सेक लाइपझिगचा. १८२१ मध्ये त्याने एका बाईचा खून केला. त्याला भास होत, आवाज ऐकू येत; तरी डॉक्टरांनी तो भानावर असल्याचा निर्वाळा दिला आणि १८२४ मध्ये भर चौकात त्याचं शिर उडवलं गेलं.

नाटकातला डॉक्टर चार पैसे देऊन या गरीब शिपायाला नुसते वाटाणे खायला लावतो, भिंतीवर लघवी केली म्हणून झापतो. ऑपेरात वाटाण्यांच्या बीन्स झाल्या आणि लघवीचा खोकला!

नाटकाचा क्रम पक्का नाही. दिग्दर्शक आपापल्या परीने पानं लावतात. आपल्या मुलाच्या आईचा, मारीचा, खून करून फेकलेली सुरी शोधायला पाण्यात शिरलेला वॉयत्सेक बुडतो का, हेही मोकळंच. बेर्गने १९१४ मध्ये व्हिएन्नात नाटक पाहिलं, मग युद्धात शिपाईगिरी केली. ऑपेरा बर्लिनला रंगमंचावर आला १९२५ मध्ये. त्याच्याकडे सगळं मोजून बांधलेलं आहे: तीन अंक, प्रत्येकी पाच प्रवेश, दुसरा अंक तर अख्खी सिम्फनी. खुनाच्या प्रवेशात ‘बी’ हा एकच स्वर कुठे ना कुठे वाजत राहतो. मारी मेल्यावर सगळा वाद्यवृंद त्या एका स्वरावर फुगत जातो. हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज आधीच कमी करा.

त्याचा वॉत्सेक नक्की बुडतो. मग पडदा बंद असताना वाद्यवृंद त्याच्यासाठी उघडपणे शोक करतो. ब्यूखनर असा गळा काढत नाही, आणि मला नाटक त्यामुळेच जास्त बोचतं.

पण ऑपेराच्या शेवटच्या प्रवेशात बाजी मारतो तो बेर्गच. पोरं येऊन मारीच्या मुलाला सांगतात, तुझी आई मेली. त्याला कळत नाही. काठीच्या घोड्यावर तो ‘हॉप, हॉप’ करत राहतो, आणि मग त्यांच्यामागे निघून जातो.