मशेरीनं उतरणारी डोकेदुखी

पहाटे तवा चुलीवर चढायचा, त्यावर तंबाखूची पानं काळी पडेपर्यंत भाजली जायची आणि सगळ्या आळीला ठसका लागायचा. तासगावकडच्या आमच्या गावात याला कुणी व्यसन म्हणत नसे. व्यसन म्हणजे दारू, गांजा, फार तर पुरुषांचा गुटखा. मशेरी म्हणजे दात घासणं! आजी दिवसातून पाच-सहा वेळा दात घासायची, द्राक्षबागेत कामाला गेली तरी डबी कनवटीला असायचीच.

"लावल्याशिवाय डोकं उतरत नाही, पोट साफ होत नाही," असं ती म्हणायची. ते अगदी खरं होतं.

मशेरीतलं निकोटिन हिरडीतून रक्तात आणि तिथून मेंदूत जातं. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप देतात, त्यातला एक निरोप्या म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. त्याच्यासाठी राखलेल्या जागी निकोटिन जाऊन बसतं, मग डोपामिन सुटतं आणि बरं वाटतं. रोज असं झालं की मेंदू अशा जागाच वाढवतो. रक्तातलं निकोटिन साधारण दर २ तासांनी निम्मं होतं. रात्री ९ ला मशेरी लावली, तर पहाटे ५ पर्यंत त्याचा सोळावा हिस्सा उरतो. वाढलेल्या जागा रिकाम्या, म्हणून डोकं दुखतं, चिडचिड होते, तल्लफ येते. आतड्यांची हालचालही याच निरोप्यावर चालते, तीही निकोटिनला सरावलेली असते. म्हणजे आजीचं दुखणं मशेरीनंच लावलेलं होतं आणि दर सकाळी तीच ते तेवढ्यापुरतं थांबवत होती. तिला हे कुणी समजावून सांगितलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तंबाखूत नायट्रोसमाइन ही कर्करोगकारक द्रव्यं असतातच. भाजताना त्यात बेन्झोपायरीनसारख्या द्रव्यांची भर पडते. गरोदर बाईनं मशेरी लावली तर निकोटिन वारेतून बाळापर्यंत पोचतं, आणि अशा बाळांचं वजन कमी भरतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २१.४ टक्के प्रौढ धूर न काढता तंबाखू घेणारे निघाले. त्यात आपल्या आया-मावश्याही आल्या.

माझ्या काकूनं मशेरी सोडली. पहिले तीन दिवस फार वाईट गेले, जेवणावरून वाद, रात्री झोप नाही. बहुतेकांचे हेच दिवस सगळ्यांत अवघड असतात, मग दोन ते चार आठवड्यांत त्रास ओसरतो. पोटासाठी तिनं सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि शेताच्या बांधापर्यंत फेरी, एवढंच केलं. तल्लफ अनावर झाली तर डॉक्टर निकोटिनचं च्युइंगम देतात. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

घरात मशेरी लावणारं कुणी असेल तर त्यांना उजेडात बसवून ओठ आणि गाल बाजूला करून बघा. जिथं मशेरी टेकते तिथं पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर लगेच दाखवायला न्या. सुरुवातीला असा चट्टा बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच तो दाखवायचा राहून जातो.