सार्वजनिक जागेचे कुंपण

सार्वजनिक जागेचे कुंपण : उद्यान, मैदान, रस्ता, पदपथ, चौक, तळ्याचा काठ, चराऊ जमीन अशा सर्वांच्या वापरातल्या जागेभोवती किंवा जागेच्या आत स्थानिक प्रशासनाने घातलेली, घालू दिलेली किंवा काढून टाकलेली आडकाठी. दगडी भिंत, लोखंडी गज, तारेची जाळी, झुडपांची वई, पदपथाकडेचे रेलिंग, रस्त्यात रोवलेले बुटके खांब हे तिचे नेहमीचे प्रकार. कागदावर हे काम बांधकाम खात्याचे असते. प्रत्यक्षात तो प्रवेशाचा निर्णय असतो : आत कोणी यायचे, केव्हा यायचे आणि कोणत्या बाजूने यायचे. म्हणून कुंपणाचा ठराव वाचताना आधी फाटक शोधावे. फाटके किती, कुठे, किती रुंद आणि किल्ली कोणाकडे, एवढे कळले की ती जागा पुढे कोणाची राहणार तेही कळते.

मराठीतले वाडा आणि वाडी हे शब्द संस्कृत ‘वाट’ म्हणजे आवार, कुंपण घातलेली जागा, यावरून आलेले आहेत. इंग्रजी ‘टाउन’चे जुने रूपही आवार याच अर्थाचे होते आणि जर्मन भाषेतला त्याचा भाऊबंद ‘त्साउन’ आजही कुंपणालाच म्हणतात. वस्तीची कल्पनाच कुंपणातून निघालेली आहे. सगळ्यांसाठी उघडी ठेवलेली आणि तरी कोणीतरी राखायची जागा कशी बांधायची, हा प्रश्न त्यानंतरचा.

त्या प्रश्नाचा सर्वांत मोठा आणि कडवट इतिहास इंग्लंडमध्ये सापडतो. १६०४ ते १९१४ या काळात तिथल्या संसदेने सामायिक जमिनींना कुंपण घालून त्या खाजगी करणारे ५,२०० हून अधिक कायदे केले. गुरे चारण्याचा आणि सरपण गोळा करण्याचा पिढीजात हक्क एकेका कायद्यासरशी संपला. त्याची प्रतिक्रियाही तिथेच उमटली. लंडनजवळच्या एपिंग जंगलासाठी १८७८ मध्ये वेगळा कायदा झाला आणि जंगलाची राखण लंडन सिटीच्या नगरसंस्थेकडे आली. ही जागा कायम विनाकुंपण आणि विनाबांधकाम ठेवायची, अशी अट त्या कायद्यातच आहे. नगरसंस्थेने काय बांधावे हे सांगणारे कायदे पुष्कळ आहेत, पण काय बांधू नये हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा हा कायदा मला फार मोलाचा वाटतो. इंग्लंडमध्ये २००६ च्या कायद्यानुसार आजही नोंदणीकृत सामायिक जमिनीवर कुंपण घालण्यासाठी मंत्र्यांच्या पातळीवरची संमती लागते.

शहरातल्या कुंपणाची गोष्ट थोडी निराळी आहे. न्यूयॉर्कच्या नगरसभेने १७३३ मध्ये ब्रॉडवेच्या टोकाची जागा हिरवळ राखण्यासाठी तीन रहिवाशांना भाड्याने दिली. भाडे होते वर्षाला मिऱ्याचा एक दाणा. तीच जागा पुढे बोलिंग ग्रीन उद्यान म्हणून ओळखली जाऊ लागली. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा पुतळा तिथे बसला आणि १७७१ मध्ये भोवती लोखंडी कुंपण आले. ९ जुलै १७७६ रोजी जमावाने पुतळा पाडला. कुंपणाच्या खांबांवरची शोभेची टोकेही कापून नेली गेली. कुंपण मात्र अजून उभे आहे. खांबांच्या माथ्यावरून हात फिरवला तर करवतीने कापल्याचा खडबडीतपणा बोटांना जाणवतो.

लंडनमध्ये दुसऱ्या महायुद्धात याच्या उलट घडले. उद्यानांभोवतीचे आणि चौकांतल्या बागांभोवतीचे लोखंडी गज युद्धासाठी भंगार म्हणून कापून नेले आणि एरवी किल्लीवाल्या रहिवाशांपुरत्या असलेल्या काही बागा एकदम सगळ्यांना मोकळ्या झाल्या. युद्ध संपल्यावर पुष्कळ ठिकाणी गज परत आले. दक्षिण लंडनमधल्या काही सार्वजनिक वसाहतींत मात्र नव्या गजांऐवजी हवाई हल्ल्यांतल्या जखमींसाठी बनवलेली पोलादी स्ट्रेचर आडवी लावून कुंपण केले. ती आजही दिसतात. दोन लांब नळ्या, मध्ये तारेची जाळी आणि प्रत्येक नळीला दोन्ही टोकांजवळ एकेक बाक. कुंपणाला त्या बाकाचा काही उपयोग नाही. ते स्ट्रेचरचे पाय, जमिनीवर ठेवल्यावर ते वर उचललेले राहावे म्हणून काढलेले.

निर्णयाची वाट

देशोदेशी कायदे वेगळे असले तरी कुंपणाचा निर्णय साधारण एकाच वाटेने जातो. आधी मालकी आणि मोजणी. जागा कोणाच्या नावावर आहे, हद्द कुठे येते, आतून कोणाची वहिवाट आहे, जमिनीखालून नळ किंवा तारा गेल्या आहेत का. मग आराखडा, खर्चाचा अंदाज, जाहीर सूचना, हरकती आणि सुनावणी, सभेत ठराव, निविदा आणि शेवटी काम. यातली मोजणी सर्वांत रुक्ष वाटते आणि घोळ तिथेच होतो. रेषा हातभर चुकली तर ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण शब्दशः खरी होते. सार्वजनिक जागेचा तेवढा पट्टा कुंपणाबाहेर राहतो आणि तो कोणीतरी वापरू लागतो. पुढे त्यावर हक्कही सांगितला जातो.

कुंपण घालण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे आणि ते हलके लेखू नये. राखणीशिवाय पडलेली सार्वजनिक जागा फार दिवस सार्वजनिक राहत नाही. भारतात ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत रस्ते, उद्याने, बागा आणि क्रीडांगणे हे नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवण्याचे विषय म्हणून नोंदले आहेत. जागा हातची जाते ती दोन वाटांनी, आणि सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल त्या दोन्ही दाखवतात. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयासाठी देण्याचा निर्णय १९९१ मध्ये रद्द झाला. तिथे आत शिरण्याची वाट खुद्द प्रशासनानेच उघडली होती. २०११ मध्ये पंजाबातल्या एका गावाच्या तळ्यावरील अतिक्रमणाच्या खटल्यात न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याच्या योजना आखण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. दुसऱ्या जागेला कुंपणाने काही संरक्षण मिळाले असते. पहिलीला कितीही उंच भिंत असती तरी उपयोग नव्हता.

निर्णय कोणत्या पातळीवर व्हावा, यावरूनही तंटे होतात. बर्लिनमध्ये अमली पदार्थांच्या विक्रीमुळे बदनाम झालेल्या ग्योर्लित्स उद्यानाला कुंपण घालून ते रात्री बंद ठेवायचे, असे शहराच्या सरकारने २०२३ मध्ये ठरवले. शहराच्या ज्या विभागात हे उद्यान येते तिथल्या स्थानिक प्रशासनाने आणि अनेक रहिवाशांनी विरोध केला. विक्री थांबणार नाही, ती आजूबाजूच्या गल्ल्यांत आणि इमारतींच्या जिन्यांत सरकेल, असे त्यांचे म्हणणे होते. वाद न्यायालयापर्यंत गेला. कुंपणाचे फायदे ज्यांना हवे असतात आणि त्याची झळ ज्यांना लागते ते लोक पुष्कळदा वेगळे असतात. त्यामुळे हरकती फक्त लगतच्या रहिवाशांकडून मागवून भागत नाही. रोज त्या जागेतून जाणाऱ्याने कुठे राहावे याला बंधन नाही, पण त्याची वाट बंद होणार असेल तर त्याचेही ऐकले पाहिजे.

इंग्लंड आणि वेल्समधल्या २०१४ च्या एका कायद्याने या बाबतीत चांगली शिस्त घातली आहे. उपद्रव वाढल्यामुळे एखादी गल्ली फाटक लावून बंद करायची असेल तर स्थानिक परिषदेला तसा आदेश काढता येतो. पण लगतच्या लोकांवर होणारा परिणाम, आणि गल्ली आरपार असेल तर जाण्यायेण्याला दुसरा सोयीचा मार्ग आहे का, हे आधी पाहावे लागते. असा आदेश एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षे चालतो. वाढवायचा असेल तर गरज पुन्हा दाखवून द्यावी लागते. लोखंडाचे आयुष्य कितीतरी मोठे असते. परवानगीला मुदत असली तर निदान कागदावर तरी कुंपण तात्पुरते राहते.

फाटक

न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कची १९३४ मध्ये पुनर्रचना झाली तेव्हा शहरातली शांत बाग अशी कल्पना होती. उद्यान रस्त्याच्या पातळीहून वर उचलले आणि भोवती झुडपांची वई आणि लोखंडी कठडा आला. रस्त्यावरून आतले दिसेना आणि शिरण्याच्या जागाही थोड्याच राहिल्या. १९७० च्या दशकात तिथे अमली पदार्थांचा धंदा बसला, कारण त्या धंद्याला नेमके असेच आवार लागते. विल्यम व्हाइट या अभ्यासकाचा सल्ला पहारा वाढवा असा नव्हता : वई छाटा, गज काढा, वाटा रुंद करा आणि वाढवा, म्हणजे साधी माणसे येतील. त्या दिशेने काम होऊन उद्यान १९९२ मध्ये पुन्हा खुले झाले आणि गजबजले. बाकीही पुष्कळ बदल झाले होते, पण आतले बाहेरून दिसू लागले हा पहिला.

व्हिएन्नात हाच धडा निराळ्या रूपात मिळाला. १९९० च्या दशकात तिथल्या प्रशासनाच्या पाहणीत आढळले की साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुली उद्यानात येणे कमी करतात. तिथे चेंडू खेळण्यासाठी उंच जाळीचे पिंजरे असतात आणि त्यांना बहुधा एकच अरुंद दार असे. दारात चार मुलगे उभे राहिले की मैदान त्यांचे झाले. कोणी कोणाला अडवत नसे, पण मुलींना त्या चौघांमधून वाट काढत आत जायचे नसे, आणि गेल्यावर निघायला दुसरे दार नसे. पुढे मार्गारेटेन भागातल्या उद्यानांची नव्याने आखणी करताना जाळीला अधिक आणि रुंद प्रवेश दिले, खेळाच्या जागांचे लहान भाग पाडले आणि मुलींचा वावर वाढला. नियमावलीत मुलींना बंदी कधीच नव्हती. ती जाळीतल्या एकुलत्या दाराने घातली होती.

फाटकाची वेळ हा फाटकाचाच भाग. बेलफास्टच्या अलेक्झांड्रा पार्कमध्ये दोन समाजांतल्या हाणामाऱ्यांमुळे १९९४ मध्ये उद्यानाच्या मधूनच पोलादी भिंत घातली गेली. २०११ मध्ये त्या भिंतीत एक फाटक बसले, तेही आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, दिवसाचे ठरावीक तास उघडणारे. भिंत तशीच राहिली, पण पलीकडे जाता येऊ लागले. पॅरिसमध्ये उष्णतेच्या लाटेत काही उद्यानांची फाटके रात्रभर उघडी ठेवतात, कारण घरात झोपणे अशक्य झालेल्यांना तेवढाच गारवा. याच्या दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्कचे ग्रॅमर्सी पार्क. १८३१ मध्ये आखलेली ही बाग आजही लगतच्या मालमत्तांच्या किल्लीवाल्यांपुरतीच आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला तिची झाडे गजांमधून दिसतात. हे मात्र लपवाछपवीशिवायचे आहे, कारण मुळातच ती खाजगी बाग.

रस्त्यावरचे कुंपण

पदपथ आणि रस्ता यांच्यामधले रेलिंग माणसांना सांभाळण्यासाठी लावतात. अनुभव मात्र तितका सरळ नाही. ओलांडण्याची जागा लांब असली की लोक मधूनच उतरतात. समोरच्या बाजूला रेलिंग लागले की फट सापडेपर्यंत त्यांना गाड्यांच्या बाजूने चालावे लागते. सायकलस्वार मोठे वाहन आणि गज यांच्यात चेंगरू शकतो. आणखी एक गोष्ट कोणत्याही रेलिंगजवळ उभे राहून पाहता येते. समोरून पाहिले तर उभ्या गजांमधून पलीकडचे सगळे दिसते. पण येणाऱ्या गाडीचा चालक ते तिरके पाहतो, आणि तिरक्या नजरेला तेच गज एकमेकांत मिसळून सलग भिंत होतात. तिच्यामागे उभे असलेले लहान मूल त्याला दिसतच नाही. लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर २००० च्या दशकाच्या सुरुवातीला स्थानिक परिषदेने बरेचसे रेलिंग काढून टाकले. अपघात वाढतील ही भीती खरी ठरली नाही, उलट जखमी होणाऱ्यांची संख्या घटली.

गाडीला कुंपण आणि माणसाला वाट असा दुहेरी उपयोग बुटक्या खांबांचा होतो. बोगोटाचे महापौर एन्रिके पेन्यालोसा यांनी १९९८ ते २००० च्या कार्यकाळात पदपथांवर गाड्या लावणे बंद करण्यासाठी असे खांब मोठ्या प्रमाणावर रोवले. गाडीवाल्यांचा संताप इतका होता की त्यांना पदावरून हटवण्याची मोहीमही चालली. पदपथ मात्र चालणाऱ्यांना परत मिळाले.

खाजगी कुंपण रस्त्याला भिडते तिथे उंचीचे नियम येतात. इंग्लंडमध्ये वाहनांच्या रस्त्यालगत १ मीटरपर्यंत आणि इतरत्र २ मीटरपर्यंतच्या कुंपणाला सहसा वेगळी बांधकाम-परवानगी लागत नाही. फरकाचे कारण दृष्टीचे आहे : कोपऱ्यावरच्या उंच भिंतीमुळे आडव्या रस्त्याने येणारा दिसत नाही.

मापांमधले सर्वांत नाजूक माप लहान मुलांच्या खेळाच्या जागेतले. युरोपीय मानकानुसार तिथल्या साधनांत ८९ ते २३० मिलिमीटरच्या दरम्यानची बंदिस्त फट धोक्याची मानतात, कारण तेवढ्यातून मुलाचे अंग जाते आणि डोके अडकते. तपासणारे त्यासाठी ठरावीक मापाचे ठोकळे घेऊन येतात आणि एकेका फटीत घालून पाहतात. वाकलेला एक गज हे माप बिघडवायला पुरेसा असतो, म्हणून कुंपणाचा खर्च उभारणीबरोबर संपत नाही. गंज, रंग, तुटलेली जाळी यांची तरतूद दरवर्षी लागते. तीत पहिली कात्री लागते ती पहाटे फाटक उघडणाऱ्या आणि रात्री लावणाऱ्या माणसाच्या पगाराला. तो नसला की कुलूप उघडायचे राहून जाते. मग बाजूची फाटके कायमची बंद होतात, मुख्य फाटकाची एकच झडप उघडी राहते आणि ठरावात चार दारांची असलेली बाग एकदारी होते. हा बदल कोणत्याही सभेपुढे येत नाही आणि त्यावर हरकतीही मागवल्या जात नाहीत.